मळवलेलं घर

‘साहेब, या घराचा तर वास यायला लागला!’ असं पुण्याच्या कुणीतरी मोबाइलवर, खेळण्याएवढ्या रेल्वे स्टेशनाच्या फोटोखाली लिहिलं होतं आणि पुढे हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले पिवळे चेहरे टाकले होते. अभिमनने ते सकाळचा चहा पिता पिता वाचलं आणि त्याला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. हात जोडल्याची खूण टाकून त्याने आभार मानले. त्याच्या खाली आणखी एकाने विचारलं होतं, हे शेवटचं घर कुणाचं आहे, असं खरंच कुठे आहे का? कप खाली न ठेवता, एका अंगठ्याने अभिमनने लिहून टाकलं, ‘छे छे, काल्पनिक.’ ते पाठवलं, चहाचा घोट घेतला, आणि घोट घशाखाली उतरता उतरता त्याला कळलं की आपण आत्ता काहीतरी केलं. काय केलं ते लगेच समजलं नाही. पायरी आहे असं समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं झालं एवढंच. त्याने कप ठेवला. लिहिलेलं खोडायचं की काय असा विचार करत तो बघत राहिला, तोवर त्याखाली अंगठे उमटायला लागले होते. आता खोडलं तर लोक विचारतील, म्हणून त्याने ते राहू दिलं. आपण किती लहान गोष्टीत किती पटकन लोकांचा विचार करतो, हे त्याच्या लक्षात आलं आणि तेही त्याने राहू दिलं.

तेवढ्यात धुळ्याहून गिरधरचा फोन आला. गिरधर धाकटा भाऊ. आई त्याच्याकडे असते. ‘भाऊ, मायले बसमा बसाडी दिधं,’ गिरधर म्हणाला. ‘डोया चांगला व्हयना तैपासून एकच लावेल शे. अभ्यानी आगगाडी दखनी शे, आपलं घर दखनं शे. तू स्टँडवर जाय, ती एकटी उतरी पडी.’ मागच्या महिन्यात तिचा मोतीबिंदू काढला होता. आधी दोन्ही डोळ्यांनी तिला नुसतं दुधासारखं दिसायचं. आणि थंडीत, जेव्हा तिला काहीच दिसत नव्हतं, तेव्हा अभिमननेच फोनवर मोठ्या तोऱ्यात सांगितलं होतं, ‘माय, धुळ्याचं स्टेशन करतोय. आपलं घरसुद्धा केलं.’ तेव्हा ती म्हणाली होती, ‘डोया व्हवू दे मंग.’ आता डोळे झाले होते. अखाजीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, आधी आपल्याकडे लेकी माहेरी येतात. ही आपलं पाडून टाकलेलं घर बघायला लेकाकडे निघाली होती. ते होतं धुळे स्टेशनालगतच्या रेल्वेच्या चाळीत, आणि ती चाळ रेल्वेने कधीच जमीनदोस्त केली. आता तिथे मालधक्क्याचा वाढीव फलाट आहे आणि त्यावर सिमेंटच्या गोण्या असतात. ते घर जगात कुठे उरलं असेल तर ते जळगावात, अभिमनच्या गच्चीवरच्या खोलीत, प्लायवूडच्या फळीवर, काडेपेटीएवढं.

तो जिना चढून वर गेला. खोली त्याच्या लेकीची, रूपाची. ती नोकरीला नाशिकला गेली, तिचा पलंग खाली आला आणि विमा कंपनीतून वेळेआधी निवृत्ती घेतलेल्या तिच्या बापाने भिंतीपासून भिंतीपर्यंत फळी ठोकली. कूलर लावूनही खोलीत तापलेल्या स्लॅबचा आणि फेविकॉलचा वास होता. खिडकीतून येणारं ऊन सरळ स्टेशनावर पडत होतं. आजचं धुळे स्टेशन हे नव्हतं, आजच्यात त्याला रस नव्हता. हे त्याच्या शाळकरी वयातलं, वाफेच्या इंजिनाचं. लोखंडी खांबांवरची पाण्याची टाकी, तिच्याखाली इंजिनाला पाणी पाजणारी सोंड, मालधक्क्यावर कापसाच्या गाठी, आणि त्या गाठींत खरा कापूस, जुन्या उशीतला. रुळांखालची खडी क्रशरवरची कच आणून बायकोच्या, सारिकाच्या, चहाच्या गाळणीतून गाळलेली. लिंबाची झाडं पऱ्हाट्यांची. कापसाच्या वाळलेल्या काटकीला इतक्या बारीक फांद्या असतात की नुसता हिरवा भुसा चिकटवला की झाड उभं राहतं. चाळीमागचा कोळशाचा ढीग खऱ्या कोळशाचा, सारिकाच्या खलबत्त्यात कुटलेला. तो खलबत्ता तिने परत घरात घेतला नाही. ‘राहू द्या तुमच्या स्टेशनात,’ ती म्हणाली होती. सारिकाचा राग असा एका वाक्यात संपतो आणि वस्तू कायमची जाते. या नादाबद्दल तिची तक्रार तशी नव्हती. घरात बसलेला नवरा पत्ते कुटण्यापेक्षा कोळसा कुटतो, बरंच आहे. फक्त एक गोष्ट तिला आजवर पटली नव्हती. हजारो रुपयांची नवीकोरी मालगाडी आणायची, आणि आणल्या दिवशी तिला काळं फासायला घ्यायचं. ‘नवं आणून मळवायचं,’ ती म्हणायची, ‘आणि घरातलं मळलेलं धुवायला मी.’

याला वेदरिंग म्हणतात, असं तो तिला प्रत्येक वेळी सांगायचा. ऊन, पाऊस, धूर, गंज, माणसांचे हात, हे सगळं वस्तूवर येऊन बसतं; ते दाखवलं नाही तर डबा खेळण्यातला दिसतो. काळा रंग पाण्यासारखा पातळ करून भिंतीवर सोडायचा आणि लगेच फडक्याने टिपायचा. खाचांमधे राहतो तो जुनेपणा. भांड्यांची लोखंडी घासणी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली की आठवड्यात जो चिखल होतो, तो खरा गंज. काळ्या-करड्या खडूची भुकटी करून कोरड्या कुंचल्याने थोपटायची, म्हणजे धूर. मुंबई-पुण्याकडची, बंगळूरची हाच नाद असलेली मंडळी परदेशातून भुकटीच्या तयार डब्या मागवायची, आणि त्यांची स्टेशनं तरीही वाढदिवसाच्या केकवरची वाटायची. अभिमनचं वाटायचं नाही. ‘खान्देशी हात’ असं त्याच्या मळवण्याला त्या लोकांनी नाव पाडलं होतं. आणि या हाताचं सगळ्यांत गाजलेलं काम म्हणजे चाळीतलं हे शेवटचं घर. पत्र्याखालून उतरलेला काजळीचा पट्टा. जोत्यापासून वर चढलेली ओल. खिळ्यांच्या जागी गंजाचे ओघळ. दाराच्या बाजूला पानाची पिचकारी. दाराला पोत्याचा फाटका पडदा, खऱ्या तरटाचे धागे सोडवून केलेला. या घराच्या फोटोवरच पुण्याच्या प्रदर्शनाचं बोलावणं आलं होतं. पुढच्या आठवड्यात फळीचे तीन भाग सुटे करून टेम्पोत घालायचे होते. सगळ्यावर वार्निशचा फवारा मारून झाला होता, म्हणजे भुकटी कायमची बसली होती. या एका घरावर तेवढा राहिला होता. त्याचा सगळा मळ कोरड्या भुकटीचाच होता, आणि फवारा मारेपर्यंत भुकटी बोट लागलं तरी निघते. रोज दुपारी तो डबा हातात घ्यायचा आणि रोज त्याला आणखी एक डाग सुचायचा.

आज त्याने खुर्ची ओढली, चष्मा पुसला, आणि ते घर असं बघितलं की जणू बसमधून उतरून कुणी दुसराच आला आहे. आधी त्याची नजर पिचकारीवर गेली. ही कुणाची? नाना, म्हणजे त्याचा बाप, तंबाखू खायचा. दिवसभर इंजिनाखालच्या खड्ड्यात उभं राहून गरम राख ओढणाऱ्या माणसाच्या तोंडाला दुसरं काय लागणार. पण थुंकायला तो उठून रुळांपर्यंत जायचा. मायच्या भिंतीवर थुंकायची त्याची टाप नव्हती. मग ही पिचकारी आली कुठून? अभिमनला आठवलं : त्या दिवशी बोटाला लाल भुकटी लागली होती, आणि भिंतीच्या त्या कोपऱ्यात काहीतरी कमी वाटत होतं. बस. आणि पोत्याचा पडदा? पडदा साडीचा होता. जुन्या हिरव्या लुगड्याचा, वरून दुमडून शिवलेला, रविवारी उतरवून धुतलेला. ओला असताना त्यातून आत गार वारा यायचा आणि दुपारी त्याखाली डोकं घालून झोपायला भावाभावांची मारामारी व्हायची. हे त्याला स्पष्ट आठवत होतं. पडदा करायला बसला तेव्हाही आठवत असणार. पण हिरवं कापड फोटोत गोड दिसलं असतं. तरट चांगलं दिसतं. त्याला कुणी सांगितलं नव्हतं, त्याला स्वतःला कळलं होतं की लोकांना काय आवडेल. अभिमनच्या कानाच्या पाळ्या तापल्या. खोलीत कुणी नव्हतं तरी त्याने मागे वळून दाराकडे पाहिलं.

चाळीत राखेच्या खड्ड्याला लागून असलेलं घर त्यांचं. इंजिन धुळ्याला आलं की तोंड फिरवून घ्यायच्या आधी तिथे उभं राहून राख पाडायचं, आणि वारा असेल तसा तो धूर पहिल्या घरांना चुकवून शेवटच्यावर यायचा. उन्हाळ्यात माय अंगणात खाटेवर बिबडे, ज्वारीचे पापड, वाळत घालायची. लांबून शिट्टी ऐकू आली की हातातलं काम टाकून तिने बिबड्यांवर लुगडं पसरलंच. इंजिन राख पाडून गेलं की लुगडं चारही कोपरे धरून उचलायचं, दूर नेऊन झटकायचं. शेजारणींच्या बिबड्यांत काळे कण असायचे, तिच्यात नसायचे, आणि ते ती बोलून दाखवायची. वर्षातून एकदा साहेबांची तपासणीची गाडी यायची. तिच्या आधी आठ-पंधरा दिवस सगळं स्टेशन पांढरं व्हायचं. खांब, कठडे, झाडांची खोडं, वाटेच्या कडेचे दगडसुद्धा. पण चुना मोजून, साहेबाच्या डब्यातून दिसेल तेवढ्यालाच. शेवटचं घर कोळशाच्या ढिगामागे; ते साहेबाला दिसायचं नाही, म्हणून त्याला चुना नसायचा. माय रागावायची नाही, भांडायचीही नाही. पोतारणारी माणसं जेवायला बसली की ती घमेलं घेऊन जायची, पिंपाच्या तळाचा चुना खरवडून आणायची, गाळायची आणि त्यात निळीची पुडी सोडायची. सगळ्या स्टेशनाचा पांढरा रंग भुरका, आणि तिच्या घराचा मात्र पांढऱ्यात निळसर, अखाजीच्या वेळच्या पहाटेच्या आभाळाचा. हाताची सालं निघायची, मग ती तेल लावून हात उंच धरून बसायची. शेजारणी म्हणायच्या, ‘कमलबाई, आते इंजिनलेबी पोतारी काढ!’ ती म्हणायची, ‘उभं ऱ्हायनं तं काढसू.’ महिन्या-दीड महिन्यात भिंत पुन्हा करडी व्हायची. मग ती हात पोचेल तेवढी भिंत ओल्या फडक्याने पुसायची. तिचा हात पोचायचा तिथे भिंतीवर एक रेघच असायची. खाली निळसर, वर धुरकट.

आणि अभिमन तेव्हा शाळेच्या नळावर मान घासत असायचा. वर्गात त्याच्याशेजारी भूषण नावाचा डॉक्टरचा मुलगा बसायचा. त्याच्या शर्टाला इस्त्रीचा वास यायचा. भूषण कधी वाईट बोलला नाही, बिचारा पोळीभाजी वाटून खायचा; पण एकदा वही उचलताना त्याने बोटं चुरून बघितली होती, काही लागलं का म्हणून. एवढंच. त्या दिवसापासून अभिमनला आपल्या घराचं सगळं काळं दिसायला लागलं. कॉलर काळी, पाठ्यपुस्तकांच्या कडा काळ्या, पाण्याचा माठ काळा. माय रोज घर पांढरं करत होती आणि तो रोज तेच घर काळं बघत होता, आणि मोठा झाल्यावर, नोकरी लागल्यावर, जळगावात स्वतःचं दोन मजली घर झाल्यावरही त्याच्या डोक्यात ते तसंच काळं राहिलं. पुढे कधीतरी त्याची लाज वाटेनाशी झाली. उलट त्या काळ्याचं कौतुक वाटायला लागलं. नेमकं केव्हा, ते त्याला सांगता आलं नसतं. बहुधा पहिल्यांदा कुणी ‘काय खरं वाटतं हो!’ म्हणालं तेव्हा. म्हणजे भूषणच्या बोटांना जे लागलं असेल असं वाटून तो रडला होता, तेच त्याने डबीत भरलं, कुंचल्याने थापलं आणि फोटो काढून पाठवलं. आणि नाव विचारलं तेव्हा काल्पनिक म्हणून सांगितलं.

सारिका वर आली. तिच्या हातात धुतलेली चादर होती. सासूबाईंसाठी खोली लावत होती. ती दारातच थांबली. ‘घर दाखवणार आहात का त्यांना?’ तिने विचारलं. ‘हो, मग? त्यासाठीच येतेय ती.’ सारिकाने फळीकडे पाहिलं. तिने ते घर आधीही पाहिलं होतं, पण सासूच्या डोळ्यांनी आज पहिल्यांदा पाहत असावी. ‘धुऊन टाका ना सरळ,’ ती म्हणाली. ‘कोरडी पावडरच तर आहे म्हणता.’ ‘सहा महिन्यांचं काम आहे ते,’ तो म्हणाला. ‘पुण्याला याच्यासाठीच बोलावलंय. तुला त्यातलं कळत नाही.’ ‘नाही कळत,’ ती म्हणाली आणि चादर छातीशी धरून खाली गेली. तो तिच्यावर चिडला. मग चिडायला काही आधार सापडेना. त्याने मऊ कुंचला ओला केला, भिंतीजवळ नेला, आणि हात थांबला. सहा महिने. फडक्याच्या एका फटकाऱ्यात जाईल. पुन्हा तसंच जमणार नाही, मळ दोनदा सारखा बसत नाही. मग त्याने वार्निशचा डबा उचलला, हलवला, आतली गोळी खडखडली; आता एक फवारा, की विषयच संपला, मग धुतो म्हटलं तरी धुता येणार नाही. तेही होईना. मग घर फळीवरून उचलून कपाटात ठेवावं असं मनात आलं. उचललं. खाली चौकोनी कोरी जागा उघडी पडली, आजूबाजूला धूळ, कोळसा, गवत, आणि मधे ती स्वच्छ जागा. ती जागा त्याला बघवेना. त्याने घर परत जागेवर ठेवलं, अगदी जपून, दोन बोटांनी, पिचकारीला धक्का लागू न देता. आणि ते जपणं लक्षात येऊन त्याला स्वतःची शिसारी आली.

बसस्टँडवर उन्हाच्या झळा होत्या. माय उतरली तेव्हा तिने ऑपरेशननंतरचा काळा चष्मा लावला होता आणि पिशवीत बिबडे, कळण्याच्या भाकरीचं पीठ, कसल्या कसल्या पुड्या होत्या. पाया पडायला तो वाकला तर तिने त्याच्या मानेवर हात फिरवला आणि बोटं डोळ्यांसमोर धरली. ‘गयाले कायं काय लागेल शे तुन्हा?’ कोळशाची भुकटी होती. ‘रंगाचं आहे, माय.’ तिने पदराच्या टोकाने त्याची मान तिथेच, रिक्षावाल्यांच्या समोर पुसली. छप्पन्न वर्षांच्या माणसाची. नवे डोळे आल्यापासून तिचं हेच चाललं होतं, गिरधरने सांगितलं होतं. पातेल्यांची बुडं, पंख्याची पाती, सुनेच्या देवघरातले देव, काही म्हणता काही तिने सोडलं नव्हतं. रिक्षात ती जळगाव बघत राहिली. कुठल्या बंगल्याचा रंग उडाला, कुठल्या फाटकाला गंज चढला, एवढंच तिला दिसत होतं आणि ती हळहळत होती. अभिमन मनात म्हणत होता, रस्त्यात जाम लागू दे. रिक्षा बंद पडू दे. नेहमी बंद लागणारं रेल्वेचं फाटकही उघडं होतं.

जेवण झालं. सारिकाने थोडं पडा म्हटलं, तर ती म्हणाली, ‘पडनं ते रोजनंच शे.’ जिन्याच्या प्रत्येक पायरीवर तिने कठड्याला हात लावला आणि तो हात पाहिला. खोलीत शिरल्यावर काळा चष्मा काढून कमरेला खोचला आणि फळीच्या कडेला दोन्ही हात टेकून उभी राहिली. अभिमन तिच्या तोंडाकडे बघत होता. मग तिने बोट केलं. ‘पानीनी टाकी.’ मग, ‘हाऊ तो लिंब. आठे तुन्हा नाना बसे.’ मग तिची बोटं भराभरा फिरायला लागली. सिग्नल, मालधक्का, संडासांची रांग, नळ. ‘बठ्ठं तू बनाडं?’ त्याने मान हलवली. त्याने गाडी सोडली. छोटं काळं इंजिन वळण घेऊन, पाण्याच्या टाकीखालून, राखेच्या खड्ड्याकडे यायला लागलं तशी ती खुदकन हसली आणि हात झटकून ओरडली, ‘बिबडा झाकी ल्या वं!’ दारात उभी असलेली सारिकाही हसली. अभिमन हसला. आत्ता हिला परत खाली न्यावं, असं त्याला वाटलं. आत्ता, इंजिन थांबायच्या आत.

‘आपलं घर कथा शे?’ मायने फळीवर शोधत विचारलं.

ती चाळीच्या पहिल्या घरापासून बोट नेत होती. हे रामा पॉइंट्समनचं. हे लोटनचं, याची बायको भांडकुदळ. तिचं बोट शेवटच्या घरावर आलं, क्षणभर थांबलं आणि पुढे गेलं. पुढे कोळशाचा ढीग होता. बोट परत आलं. ढिगाच्या पलीकडे, खड्ड्याच्या बाजूला, झाडामागे, तिने सगळीकडे शोधलं. ‘आपलं नही दिसस,’ ती म्हणाली. तिला वाटलं डोळ्यांचंच काहीतरी राहिलं. तिने डोळे मिटून उघडले. अभिमन म्हणाला, ‘माय, ते अजून करायचंय.’ खोटं बोलताना त्याची शुद्ध भाषा आणखीच शुद्ध व्हायची, कचेरीतल्यासारखी. हे मायला त्याच्या लहानपणापासून माहीत होतं. सारिका दारातून निघून गेली. तिच्या पायांचा आवाज जिन्यावर ऐकू आला. ‘मंग हाई कोन्हं शे?’ मायने शेवटच्या घराकडे बोट करून विचारलं. आता सांगता आलं असतं. आता तरी. ‘असंच,’ अभिमन म्हणाला, ‘कुणाचंतरी.’

सकाळी लिहिलेलं त्याने दुपारी तोंडाने म्हटलं, आणि तेही जिचं घर तिलाच. माय वाकून त्या घराकडे बघत होती. डॉक्टरने वाकायचं नाही म्हणून सांगितलं होतं. तिच्या तोंडावर कीव होती. ‘कोन ऱ्हास व माय आठे,’ ती त्या घरातल्या बाईशीच बोलल्यासारखं म्हणाली. ‘अवं, कोनी बाईमानूस शे का नही घरमा? एखादं फडकं फिरावं ते.’ आणि त्याला काही कळायच्या आत तिने पदराचं टोक तर्जनीला गुंडाळलं, जिभेला लावलं आणि ती भिंत पुसायला लागली. नातवाचं तोंड पुसावं तशी, हलक्या हाताने, जोत्यापासून वर. पिचकारी एका फटकाऱ्यात गेली. ओल गेली. काजळीच्या पट्ट्याचं खालचं टोक पदराला आलं. अभिमनचा हात पुढे झाला होता, सहा महिन्यांच्या कामासाठी झाला होता, हे त्याला नंतर कितीही टाळलं तरी आठवणार होतं. पण तो तसाच हवेत राहिला, कारण भिंत दिसायला लागली होती.

रंगाचा पहिला हात. सगळ्या मळाच्या खाली, अगदी सुरुवातीला दिलेला, ज्यावर मग तो सहा महिने थर चढवत गेला. त्या दिवशी त्याने पांढऱ्या रंगाची बाटली उघडली होती, आणि काही विचार न करता काडीच्या टोकाने त्यात निळ्याचा एक थेंब सोडून ढवळला होता. का, ते स्वतःला विचारलं नव्हतं. इतर सगळ्या घरांना नुसता पांढरा होता.

मायचं बोट थांबलं. तिने पदराकडे पाहिलं, मग भिंतीकडे. मग मान आणखी खाली नेली, इतकी की तिचा श्वास पत्र्याला लागून भुकटी उडाली. खिडकीतलं ऊन तिच्या पांढऱ्या केसांवर होतं. इंजिन खड्ड्यापाशी उभं होतं आणि त्याची मोटर बारीक गुणगुणत होती. ती बंद करायचं त्याला सुचलं नाही.

‘नीळ टाकेल शे,’ ती म्हणाली. त्याला म्हणाली नाही, भिंतीला म्हणाली.

ती ताठ झाली आणि तिने त्याच्याकडे पाहिलं. त्या डोळ्यांत आता पडदा नव्हता, ढग नव्हता, ते अगदी स्वच्छ होते आणि त्यांना सगळं दिसत होतं. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. ती नुसती बघत होती. आपलं पोर काय बघत मोठं झालं, ते तिला आत्ता कळत होतं. अभिमनला लाज वाटली. पोराला घराची वाटते तशी नव्हे; ती त्याला ओळखीची होती, ती तर त्याने विकून खाल्ली होती. ही दुसरी होती आणि हिच्यावर चढवायला त्याच्या डबीत काही नव्हतं.

तिने पुन्हा वाकून दारावरचा पोत्याचा तुकडा नखाने अलगद सुटा केला. त्याचा हात धरला, उघडला आणि तो तुकडा त्याच्या तळहातावर ठेवला.

‘हाई कोन्ही लावं आठे?’

‘मी,’ तो म्हणाला. ‘मीच लावं, माय.’ कित्येक वर्षांनी ते शब्द त्याच्या तोंडून त्या बोलीत आले. ‘मी धुवस. दे. मी करस ना.’

‘ऱ्हाऊ दे,’ ती म्हणाली. ‘तुले नही जमाव.’

टेबलावर कुंचले बुडवायची पाण्याची वाटी होती. ती तिने त्याच्या हातात दिली, धर म्हणून. पदराचं टोक तिने वाटीत बुडवलं, पिळलं, बोटाला नीट गुंडाळलं आणि पत्र्याखालच्या पट्ट्यापासून सुरुवात केली, जिथे खऱ्या घरात पुसताना तिचा हात कधी पोचला नव्हता. वाटीतलं पाणी काळं व्हायला लागलं. तो वाटी धरून उभा राहिला.